परसातल्या अकरा कोंबड्या: ठेवायच्या, विकायच्या की बदलायच्या?

आमच्या खुराड्यात ११ कोंबड्या होत्या आणि त्या सकाळी टोपलीत तीनच अंडी आली, तेव्हा या कोंबड्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न घरात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत विचारला गेला. त्या ११ पैकी आठ संकरित जातीच्या, सव्वादोन वर्षांच्या होत्या आणि उरलेल्या तीन गावठी वळणाच्या, चार वर्षे ओलांडलेल्या. त्या आठ संकरित तलंगा, म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला येणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, अंडी घालू लागल्या त्या पहिल्या वर्षी सगळ्या मिळून दिवसाला सरासरी नऊ अंडी मिळत. गेल्या पंधरवड्याची सरासरी चारवर आली होती. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे ११ कोंबड्यांना रोज सव्वा किलोहून थोडे अधिक लागते. पहिल्या वर्षी एका अंड्यामागे १४० ग्रॅम खाद्य जात होते, ते आता ३१५ ग्रॅमवर पोहोचले होते. हा हिशेब मांडला आणि मला भीती वाटली, कारण आकडा पाहिल्यावर प्रश्न पुढे ढकलण्याची सोय राहिली नाही.

घरात तीन माणसांची तीन मते होती. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे, की सगळ्या एकदम काढाव्यात, खुराडे धुऊन महिनाभर रिकामे ठेवावे आणि नव्या तलंगा आणाव्यात. सासूबाईंना त्यांच्या हाताला सवयीच्या झालेल्या कोंबड्या परक्या घरी जाव्यात, हेच पटत नव्हते. मी मनातून विकण्याच्या बाजूला झुकले होते, पण विकायच्या म्हणजे कोणाला आणि काय सांगून, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शेवटी आम्ही एवढेच ठरवले, की ३० दिवस कोणताही निर्णय घ्यायचा नाही, फक्त नोंदी करायच्या. तो आमच्या वहीचा पहिला दिवस. पुढचे सगळे दिवस मी त्याच मोजणीने सांगते आहे.

११ कोंबड्यांच्या पायात वेगवेगळ्या रंगांची प्लॅस्टिकची कडी घातली. कळपाची एकूण अंडी मोजणे सोपे असते, पण कोणती कोंबडी घालते आणि कोणती नुसती खाते, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडली. संध्याकाळी एकेका कोंबडीच्या गुदद्वाराच्या कडेला खाण्याच्या रंगाचे बोट लावून ठेवले, की दुसऱ्या दिवशी तिच्या अंड्यावर त्या रंगाची पुसट रेघ उमटते. एका वेळी दोन किंवा तीनच कोंबड्यांना, निरनिराळ्या रंगांत, हे करावे. सगळ्यांना एकदम केले तर गोंधळ होतो. पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. खुराड्यामागे रचून ठेवलेल्या फळ्यांच्या आड हिरव्या कड्याच्या कोंबडीने स्वतःची वेगळी जागा केली होती आणि तिथे सात अंडी पडून होती. अंडी कमी झाल्याची तक्रार करण्याआधी परसाचा कोपरा न् कोपरा पाहावा, हे मी तेव्हा शिकले.

नवव्या दिवशी रात्री एकेका कोंबडीची तपासणी केली. अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर शांत बसलेल्या असतात, पकडताना पळापळ होत नाही आणि त्यांनाही कमी त्रास होतो. मुलीने विजेरी धरली, मी कोंबडी काखेत घेतली. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली दोन बारीक, टोकदार हाडे हाताला लागतात. अंडी घालणाऱ्या कोंबडीत त्या हाडांच्या मध्ये दोन किंवा तीन बोटे सहज मावतात आणि हाडे लवचीक असतात. न घालणाऱ्या कोंबडीत जेमतेम एक बोट बसते आणि हाडे ताठ लागतात. पोट मऊ आहे की घट्ट, गुदद्वार रुंद आणि ओलसर आहे की आवळलेले आणि कोरडे, हेही पाहिले. पायांच्या रंगाबाबत मात्र माझा समज पुरता उलटा निघाला. पिवळ्या पायांच्या जातीत अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या अंगातला पिवळा रंग बलकात जात राहतो, त्यामुळे आधी गुदद्वाराची कड, मग डोळ्याभोवतीचे वर्तुळ, चोच आणि सर्वांत शेवटी पाय फिके होतात. ज्या दोन कोंबड्यांचे पिवळेधमक पाय मी वर्षभर आरोग्याचे लक्षण समजून कौतुकाने पाहत होते, त्याच दोघींच्या हाडांत एक बोटही नीट मावत नव्हते.

त्याच रात्री मुलीने निळ्या कड्याच्या कोंबडीच्या मानेवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, "आई, हात लावून बघ, हिच्या अंगावर काटे आलेत." ते नव्या पिसांचे कोंब होते, मेणासारख्या पातळ वेष्टनात गुंडाळलेले, दाबले की कोंबडी कळवळून अंग आक्रसून घेई. चार कोंबड्या पिसे गाळत होत्या. दिवस लहान होऊ लागले, की बहुतेक कोंबड्या जुनी पिसे टाकतात, आणि त्या काळात अंडी जवळजवळ थांबतात, कारण पिसे मुख्यतः प्रथिनांची बनलेली असतात आणि शरीर अंडी व पिसे या दोन्ही कामांना एका वेळी पुरे पडत नाही. हा काळ साधारण दोन ते चार महिन्यांचा असतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट पंधरवड्यात मोजलेल्या अंड्यांवर आम्ही त्यांचा निकाल लावायला निघालो होतो. तपासताना हातात धरलेली ती निळ्या कड्याची कोंबडी मी पुढच्या महिन्यात विकणार होते, हे आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते, कारण पुढे तीच सर्वांत चांगली घालणारी ठरली.

बाराव्या दिवशी दुसरे कारण सापडले. रात्री तपासणी झाल्यावर माझ्या मनगटावर बारीक खाज उठली होती, म्हणून दांडीखाली एक पांढरे कापड अंथरून ठेवले. सकाळी कापडावर मिरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, लाल-करडे ठिपके हलताना दिसले आणि बोटाने चिरडल्यावर रक्ताची रेघ उठली. हे कीटक दिवसा लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबड्यांचे रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही न्याहाळली तरी ते सापडत नाहीत. तुरे फिके का पडले होते आणि दोन कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला का कां-कूं करत होत्या, हे तेव्हा समजले. दांड्या काढल्या, खाचा खरवडल्या, उकळते पाणी ओतले, तूस जाळून टाकले आणि डॉक्टरांना विचारून खुराड्यासाठीचे औषध फवारले. उबदार हवेत या कीटकांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून त्यानंतर सात आणि चौदा दिवसांनी सगळे पुन्हा केले. तिसऱ्या फेरीत अंग मोडून आले, पण एकदाच धुऊन थांबले असते तर सगळी मेहनत वाया गेली असती. हे कीटक उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे महिनाभर खुराडे रिकामे ठेवून भागेल, हा आमचा मूळ बेतही चुकीचा होता. नव्या तलंगा आणून त्याच खुराड्यात सोडल्या असत्या, तर त्यांच्याही वाट्याला तेच आले असते.

सतराव्या दिवशी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे तीन वेगवेगळ्या दिवसांच्या ताज्या विष्ठेचा नमुना दिला. कोंबडी घेऊन जाण्यापेक्षा नमुना देणे स्वस्त पडते आणि एका मिसळलेल्या नमुन्यावरून सगळ्या कळपाचा अंदाज येतो. अहवाल यायला चार दिवस लागले. गोल जंतांची अंडी मध्यम प्रमाणात होती. जंतनाशक दिल्यावर ठरावीक दिवस अंडी खायची नसतात. तो काळ औषधागणिक बदलतो, म्हणून औषध घेतानाच विचारून लिहून घ्यावे. आम्हाला सात दिवस सांगितले होते. त्या सात दिवसांत २६ अंडी टाकून द्यावी लागली आणि मी ती वहीत खर्चाच्या बाजूला लिहिली.

याच सुमारास परवानगीचे कागद काढले आणि लक्षात आले, की आमची नोंदणी जुन्या तीन कोंबड्यांच्या वेळची होती आणि तीत संख्या सहा लिहिली होती. दोन वर्षे आम्ही नकळत नियमाबाहेर होतो. पंधराव्या दिवशी स्थानिक कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीवर मला नव्या नोंदणीचा अर्ज देण्यात आला. तो भरून, शेजाऱ्यांची संमती जोडून परत गेले, तर दुसऱ्या खिडकीवर सांगितले, की जुनी नोंदणी असेल तर संख्यावाढीचा अर्ज निराळा असतो. खुराड्याचा आराखडा, शेजारच्या भिंतीपासूनचे अंतर, विष्ठेची विल्हेवाट कशी लावणार याचे लेखी निवेदन आणि दोन छायाचित्रे, एवढे जोडावे लागले. पाहणीला माणूस येईपर्यंत चार आठवडे गेले आणि सत्तावन्नाव्या दिवशी १२ कोंबड्यांची परवानगी हातात आली, कोंबडा पाळायचा नाही या अटीसह. नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, पण कोणताही पक्षी विकत घेण्याआधी चार गोष्टी लेखी विचाराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन: कमाल संख्या किती, कोंबडा चालतो का, अंतर किती सोडायचे आणि पक्ष्यांची ने-आण करायला वेगळा दाखला लागतो का. बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला, की ने-आणीचे नियम एका रात्रीत बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे.

तिसाव्या दिवशी निर्णय घ्यायचा ठरले होते, तो आम्ही आपणहून पुढे ढकलला. पिसे गाळणाऱ्या कोंबड्यांना १६ टक्के प्रथिनांच्या नेहमीच्या खाद्याऐवजी २० टक्क्यांचे खाद्य सुरू केले आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला, म्हणजे जिला गरज असेल ती खाईल. पहाटे दिवा लावून दिवस चौदा तासांचा करता येतो आणि अंडी लवकर सुरू होतात, हे ठाऊक होते, पण पिसे येत असताना त्यांच्यावर तो ताण घालावा, असे मला वाटले नाही. ते आठ आठवडे वही जवळजवळ कोरी आहे. रोजचा एक आकडा, बस. खाद्याच्या पिशव्या संपत होत्या आणि नवरा काही बोलत नव्हता, हे मला बोलण्यापेक्षा जड जात होते.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी पुन्हा मोजणी केली. दिवसाची सरासरी चारच्या आसपासच होती, पण खरा उलगडा कड्यांच्या रंगांवरून झाला. तरुण आठांपैकी पाच कोंबड्या आठवड्याला चार ते पाच अंडी घालत होत्या. त्यांच्या बाबतीत एका अंड्यामागे साधारण १८० ग्रॅम खाद्य पडत होते आणि तिसऱ्या वर्षाकडे झुकलेल्या कोंबडीसाठी ते मला पूर्णपणे मान्य होते. दोघी, म्हणजे त्या पिवळ्या पायांच्या, आठवड्याला एखाददुसरे अंडे घालत, तेही बहुधा पातळ कवचाचे. जुन्या तिघींपैकी एक आठवड्याला दोन घालत होती, एक अजिबात घालत नव्हती आणि तिसरी दर काही आठवड्यांनी खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसल्यासारखी, रिकाम्या जागेवर बसून राहत होती. कळप ठेवायचा, विकायचा की बदलायचा, हा प्रश्न आम्ही तीन महिने चुकीच्या रीतीने विचारत होतो, हे त्या पानावर दिसले. उत्तर ११ वेगवेगळे होते.

आठवी तरुण कोंबडी पांढऱ्या कड्याची. तिची चाल बदललेली मी ऐंशीव्या दिवसापासून पाहत होते. ती शेपूट खाली घालून, शरीर जवळजवळ उभे धरून चाले आणि पोट हाताला पाण्याच्या पिशवीसारखे लागे. डॉक्टरांनी सुईने द्रव काढून पाहिला आणि सांगितले, की बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो आहे व तिथे जंतुसंसर्ग झाला आहे. भरपूर अंडी घालणाऱ्या संकरित कोंबड्यांत हे बऱ्याचदा होते. औषधाने थोडे दिवस मिळतील, बरे होण्याची आशा कमी. आम्ही आठवडाभर प्रयत्न केला. एक्क्याण्णवाव्या दिवशी तिने दाण्याकडे मान वळवली नाही, तेव्हा तिला डॉक्टरांच्या हातून वेदनारहित मरण दिले. पहिल्या वर्षी या एका कोंबडीने जवळपास रोज अंडे दिले होते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि दाण्यातून ते पुरेसे मिळाले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. सासूबाई त्या संध्याकाळी खुराड्याकडे फिरकल्या नाहीत. मीही वहीत तारखेपुढे काही लिहिले नाही.

विकण्याचे काम मला वाटले होते त्याहून अवघड गेले. तीन कोंबड्या द्यायच्या होत्या: पिवळ्या पायांच्या दोघी आणि जुन्यांतली अजिबात न घालणारी. पहिल्या माणसाने विचारले, "ताई, रोज अंडे देतात ना?" मी वहीचे पान पुढे केले आणि तो निघून गेला. दुसऱ्याने तिन्ही तरुण म्हणून पुढे विकता येतील का, असे सुचवले; त्याला मी नाही म्हटले. तिसरे एक वयस्क जोडपे होते. त्यांना बागेतले किडे वेचायला आणि सोबतीला कोंबड्या हव्या होत्या, अंड्यांची घाई नव्हती. त्यांना वय, अंड्यांची संख्या, पातळ कवच, दिलेले जंतनाशक आणि लाल कीटकांचा इतिहास, सगळे एका कागदावर लिहून दिले. मिळालेली रक्कम खाद्याच्या एका पिशवीपेक्षाही कमी होती. कोंबडी एकटी देऊ नये, निदान दोघी एकत्र द्याव्यात, कारण ओळखीच्या सोबतीने नव्या जागी ती लवकर खाऊ-पिऊ लागते. न्यायचे काम संध्याकाळनंतर करावे, हवेशीर खोक्यात, तळाशी न सरकणारे काहीतरी अंथरून. एकशे चौथ्या दिवशी त्या गेल्या.

उरल्या सात. नव्या किती आणि कोणत्या वयाच्या आणाव्यात, यावर बराच खल झाला. खुडूक कोंबडीखाली रात्री एक-दोन दिवसांची पिल्ले सरकवली, तर ती बहुधा त्यांना आपली मानते आणि कृत्रिम उबेची गरज उरत नाही. ती वाट मला फार आवडली होती. नाही तर पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान ठेवून, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवत, सहा आठवडे पिल्ले सांभाळावी लागतात. पण पिल्लांत एखादा नर निघण्याची शक्यता राहतेच आणि आमच्या परवानगीत कोंबडा बसत नव्हता. त्या लहानग्याचे मग काय करणार, याचे उत्तर आधी तयार नसेल तर पिल्ले आणू नयेत, असे माझे ठाम मत झाले. आम्ही १६ आठवड्यांच्या चार तलंगा घेतल्या. एकीची किंमत तिच्या जवळपास तीन महिन्यांच्या खाद्याइतकी पडली, आणि १६ आठवड्यांपर्यंत ती स्वतः पाच-सहा किलो खाद्य खाऊन मोठी झालेली असते हे पाहता ती वाजवीच होती. मानमोडी, देवी आणि मॅरेक या रोगांच्या लसींच्या तारखा लेखी मागून घेतल्या. मॅरेकची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते आणि ती आजार रोखते, विषाणूचा शिरकाव रोखत नाही, त्यामुळे लस दिलेली कोंबडीही तो विषाणू इतरांना देऊ शकते.

एकशे दहाव्या दिवशी त्या आल्या आणि ३० दिवस परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या राहिल्या. वेगळी भांडी, वेगळ्या चपला, आणि रोज आधी जुन्या कोंबड्यांचे काम, मग नव्यांचे. हा महिना लोक कंटाळून आठवड्यावर आणतात, ते करू नये. मग दहा दिवस जाळीच्या दोन बाजूंना ठेवल्या, एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही अशा. खाद्याचाही पेच होता: अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातले कॅल्शियम कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना बाधते. म्हणून सगळ्यांना तलंगांचे खाद्य दिले आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवला. एकशे सेहेचाळीसाव्या दिवशी, २१ आठवड्यांच्या एका तलंगेने जाळीपलीकडे पहिले अंडे घातले. ते लहान होते आणि त्याच्या टोकाला रक्ताचा एक ठिपका होता, जो पहिल्या अंड्यांवर कधीकधी दिसतो.

एकशे एक्कावन्नाव्या रात्री चौघींना जुन्या दांडीवर नेऊन बसवले. दाणा-पाण्याची दोन-दोन भांडी लांब अंतरावर ठेवली होती, तरी पहिले चार दिवस टोचाटोची झाली आणि एका तलंगेच्या तुऱ्यातून रक्त आले. तिला दोन दिवस बाजूला काढून पुन्हा सोडले. खुडूक बसणारी म्हातारी आमच्याकडेच आहे. तिच्या पायांना आता उंच उडी जमत नाही, म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी दांडी गुडघ्याइतकी खाली बसवली.

आज वहीचा एकशे अडुसष्टावा दिवस आहे. पुन्हा ११ कोंबड्या, दिवसाला सरासरी सात अंडी, एका अंड्यामागे १८० ग्रॅम खाद्य. दर रविवारी रात्री दांडीखाली पांढरे कापड अंथरण्याचा नेम चालू आहे. परवाच्या सोमवारी त्यावर दोन लाल ठिपके हलताना दिसले, म्हणून आज सकाळी सगळ्या दांड्या काढून अंगणात ठेवल्या आहेत आणि पाणी चुलीवर चढवले आहे.